मनाचीही मशागत

पेरणीआधी आपण वावर नांगरतो, वखरतो, काडीकचरा वेचतो, जमलं तर माती तपासून आणतो. बैलाचा खांदा सुजला तर गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज जरा बदलला तरी आपले कान टवकारतात. पण हा सगळा पसारा जो ओढतो त्या माणसाच्या मनाची चौकशी गावात सहसा कोणी करत नाही. मानसशास्त्राचं नाव काढलं की "ते वेड्याच्या डॉक्टरचं काम" म्हणून विषय तिथंच मिटतो.

खरं पाहता माणूस शिकतो कसा, भितो कसा, खचतो कसा आणि पुन्हा उभा राहतो कसा, याचा अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. त्याचा संबंध पाळण्यातल्या लेकराशी जितका, तितकाच कर्जाचा हप्ता थकलेल्या कास्तकाराशी. या शास्त्रातली एकच गोष्ट गावाच्या ध्यानात राहिली तरी पुष्कळ झालं. ती अशी : "माझ्या हातून काही होतं" हा विश्वास माणूस आईच्या पोटातून घेऊन येत नाही. तो अनुभवातून मिळवावा लागतो. तो खचतोही, आणि योग्य सोबत मिळाली तर परतही येतो.

वर्ध्याहून आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामात या विश्वासावर फार पूर्वी काम झालं आहे. ते पाहण्याआधी पाळण्यापासून सुरुवात करू.

पाळण्यातला पहिला धडा

१९७२ मध्ये वॉटसन आणि रेमी या दोघा अभ्यासकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन महिन्यांच्या बाळांच्या पाळण्यावर एक फिरतं खेळणं टांगलं. काही बाळांच्या उशीत अशी सोय होती की बाळाने डोकं हलवलं की खेळणं फिरायचं. दुसऱ्या काही बाळांचं खेळणं आपोआप फिरायचं, बाळाने काही करो वा न करो. रोज दहा मिनिटं, असं दोन आठवडे चाललं. ज्यांच्या हलण्याने खेळणं फिरत होतं ती बाळं जास्त हलू लागली, खेळण्याकडे पाहून हसू लागली, हुंकार देऊ लागली. बाकीच्यांत तसा फरक दिसला नाही. खेळणं दोन्हीकडे फिरतच होतं. पण "मी केलं म्हणून फिरलं" ही गंमत एकाच बाजूला होती.

अमेरिकेतले दुसरे अभ्यासक एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना सांगितलं की बाळाशी नेहमीसारखं खेळा, आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवा. बाळाने आधी हसून पाहिलं, हात पुढे केले, आवाज काढले. आई काहीच उत्तर देत नाही म्हटल्यावर ते कासावीस झालं आणि शेवटी तोंड फिरवून बसलं. आज घरोघरी मोबाईल आहे. लेकरू समोर खेळतंय आणि आईबाप दोघांची नजर मोबाईलमध्ये, हे चित्र पाहिलं की हा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही.

दोन वर्षांच्या वयापर्यंत लेकराच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. म्हणजे शाळेत नाव घालण्याच्या कितीतरी आधी पाया पडून जातो. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. बाळाने "बा" म्हटलं की आपणही "बा" म्हणावं, स्वयंपाक करताना त्याच्याशी बोलत राहावं, वाटी-चमचा वाजवू द्यावा, झाकण उघडू द्यावं. आईच वावरात जात असेल तर हेच आजीने करावं. ब्रिटिश मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बाळाला भरवशाचं, मायेचं माणूस सतत लाभावं यावर भर दिला होता. आई नाही तर तिची जागा कायम घेणारं माणूस, हेही त्यात होतं. आपल्या एकत्र कुटुंबात ते माणूस बहुधा आजीच असतं.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक आरोग्य विभागाने युनिसेफ आणि एकात्मिक बालविकास योजनेच्या सोबतीने "आरंभ" हा उपक्रम याच विषयावर उभा केला. अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण दिलं, यवतमाळ आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यांत पालक मेळावे घेतले. घरातल्याच वस्तूंनी लेकराशी कसं खेळावं हे आईबाप दोघांनाही मेळाव्यात प्रत्यक्ष दाखवलं जातं. आपल्या गावच्या अंगणवाडीत पालक मेळावा असेल तर बापानेही जावं. "ते बायांचं काम" म्हणून पारावर बसून राहू नये.

अक्कल टप्प्याटप्प्याने येते

स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी आयुष्यभर लेकरांच्या चुका तपासल्या. त्यांचा एक प्रयोग घरी करून पाहता येतो. दोन सारख्या गिलासांत सारखं पाणी ओता. मग लेकरासमोरच एका गिलासातलं पाणी उंच, अरुंद गिलासात ओता आणि विचारा, "कशात जास्त?" चार-पाच वर्षांचं पोर उंच गिलास दाखवेल. सातच्या आसपास तेच पोर म्हणेल, "पाणी तेवढंच आहे." आधी ते मठ्ठ नव्हतं, त्याच्या बुद्धीला तो टप्पा यायचा होता. तुरीला शेंगा लवकर धराव्यात म्हणून कोणी झाड ओढत नाही. लेकराला मात्र चौथ्या वर्षी पाढे पाठ झाले पाहिजेत असा आपला हट्ट असतो.

मग नुसती वाट पाहायची का? तेही नाही. रशियाचे लेव वायगॉटस्की (१८९६-१९३४) यांनी दुसरी बाजू दाखवली. लेकराला एक काम आपल्या आपण येतं, एक अजिबात येत नाही, आणि या दोहोंच्या मधलं एक काम थोडा हात लावला तर जमतं. शिकवणं म्हणजे या मधल्या जागेवर काम करणं. कपाशी टोकताना आजोबा नातवाला सरळ ओळ सोपवत नाहीत. आधी सोबत चालवतात, अंतर दाखवतात, मग "आता तू टाक, मी पायतो" म्हणतात, आणि शेवटी बांधावर जाऊन बसतात. आजोबांनी वायगॉटस्कीचं नाव ऐकलेलं नसतं, पण पद्धत तीच.

मार आणि धाक

"छडी लागे छम छम" हा आपला जुना समज. रशियाच्याच इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर दाखवलं की अन्नासोबत वारंवार एक खूण मिळाली की नुसत्या खुणेनेही तोंडाला पाणी सुटतं. आपल्या गोठ्यात हे रोज घडतं. ढेपेच्या बादलीचा आवाज झाला की म्हैस मान वर करते. हीच गोष्ट भीतीलाही लागू पडते. गणित चुकलं की थप्पड, असं दहावेळा झालं की लेकराच्या मनात गणित आणि थप्पड यांची गाठ बसते. पुढे मारणारं कोणी नसलं तरी पुस्तक उघडताच छातीत धडधडतं. माराने लेकरू गप्प बसतं हे खरं. पण मारातून त्याला गणित समजत नाही.

शिवाय लेकरं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त उचलतात. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगाने दाखवलं : मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी संधी मिळताच तसंच बडवलं. याच बांडुरांनी १९७७ मध्ये "आपल्याला हे जमेल" या विश्वासावर सविस्तर मांडणी केली. असा विश्वास सगळ्यात पक्का कशाने होतो? स्वतःच्या हाताने काहीतरी प्रत्यक्ष जमलं की. नुसत्या शाबासकीने तो येतो थोडाच, आणि टिकत तर नाहीच.

सेवाग्रामची टकळी

ही गोष्ट सेवाग्रामला पुस्तकाआधी कामातून कळली होती. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. त्या गावाचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती, अशी ती योजना. तिलाच आपण "नई तालीम" म्हणतो. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामात ती चालवून दाखवली.

टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला गुरुजींनी "बरोबर" किंवा "चूक" सांगायची गरज पडत नाही. हात घाईने ओढला की धागा तुटतो, बेताने ओढला की निघतो. मोजलं की गणित, कापूस कुठून आला विचारलं की भूगोल, आणि शेवटी हातात आपण काढलेलं सूत. पाळण्यातल्या बाळाचं डोकं हललं की खेळणं फिरतं, त्याचाच हा मोठा अवतार.

१९४५ मध्ये नई तालीमचा विचार शाळेपुरता न ठेवता जन्मापासून म्हातारपणापर्यंत नेण्यात आला. शाळेआधीच्या लेकरांसाठी सेवाग्रामात शांता नारुळकर यांनी काम केलं. पाणी भरणं, झाडणं, निवडणं, अंघोळ, नखं काढणं, हेच त्या बालवाडीचे धडे. त्याच वर्षी तिकडे ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं आणि अनुताई वाघ यांच्या साथीने बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. सेवाग्रामची शाळा मध्ये बंद पडली होती; २००५ मध्ये ती "आनंद निकेतन" या नावाने पुन्हा सुरू झाली. शेतीकाम, कताई, स्वयंपाक यांतून तिथं आजही शिकवलं जातं.

यावर एक आक्षेप गावातूनच येतो, आणि तो रास्त आहे : "आमच्या पोट्ट्यांना पुन्हा वावरातच घालता काय?" तसं नाही. हाताचं काम हे मजुरीसाठी नाही, शिकण्यासाठी आहे. शाळा बुडवून कापूस वेचायला नेणं ही नई तालीम नव्हे.

हंगाम बुडतो तेव्हा

आता मोठ्या माणसाकडे वळू. ज्याच्या हातून काही होत होतं, त्याच्या हातून काहीच होईनासं झालं तर? एका साली पाऊस दगा देतो, दुसऱ्या साली बोंडअळी येते, तिसऱ्या साली पीक येतं पण भाव नसतो. माणूस तोच, मेहनत तीच, आणि निकाल मात्र त्याच्या मेहनतीशी जुळतच नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज तसे प्रयोग कोणी करू देणार नाही. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की काहीही करून ते थांबवता येत नव्हते. पुढे त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथं बुटकी आडभिंत ओलांडली की सुटका होती. बहुतेक कुत्रे उठलेच नाहीत, पडून सोसत राहिले. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपली मांडणी दुरुस्त केली. दीर्घ त्रासात हातपाय गाळणं हे मेंदूचं मूळचंच वळण आहे. शिकावी लागते ती "माझ्या करण्याने फरक पडतो" ही गोष्ट, असं त्यांनी लिहिलं.

यातला कामाचा भाग पुढे आहे. त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना हाका मारून, पलीकडे खाणं ठेवून काही उपयोग झाला नाही. पट्टा धरून त्यांना स्वतः पलीकडे न्यावं लागलं. तसं अनेकदा केल्यावर मग ते आपल्या आपण उडी मारू लागले. माणूस म्हणजे कुत्रा नव्हे, पण सूचना घेण्यासारखी आहे. खचलेल्या माणसाला पारावरून उपदेश करून भागत नाही. त्याच्यासोबत चालावं लागतं.

"शेतकऱ्याला नियोजन कळत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीआधी हात तंगीत असताना आणि एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. तीच माणसं तंगीच्या दिवसांत चाचणीत मागे पडली. अक्कल तीच होती, पण चिंतेने तिचा मोठा भाग अडवून धरला होता. म्हणून अर्जाची तारीख चुकली, कागद अर्धवट राहिला, तर कर्मचाऱ्यांनी "यांना काही कळत नाही" म्हणून हिणवू नये. फॉर्म सोपा करावा, तारखेची आठवण द्यावी.

आळस नव्हे, आजार

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप उडालेली किंवा नुसती झोपच, भूक मेलेली, थकवा, "मी बिनकामाचा आहे" असं बोलणं, मरणाचे विचार. यातली बरीच लक्षणं एकत्र दिसली तर ते नैराश्य असू शकतं. अनेकदा माणूस मन दुखतं असं सांगत नाही. "डोकं दुखते, पोटात जळजळ होते" असं सांगतो आणि गोळी घेऊन परत जातो. घरचे म्हणतात, "आळशी झाला", "काहून तोंड पाडून बसला बापा?" नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो. औषधांनी होतो, बोलण्याच्या उपचारांनी होतो, आणि त्या उपचारांतला एक भाग तर छोटी-छोटी कामं ठरवून रोज पार पाडणं हाच आहे. आज गोठा झाडायचा, उद्या धुऱ्यापर्यंत चक्कर मारायची. परत तेच, माझ्या हातून काही होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलणं, प्राथमिक समुपदेशन आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवणं, असं त्याचं स्वरूप. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये वर्ध्यासह १४ जिल्ह्यांसाठी "प्रेरणा प्रकल्प" आणला, ज्यात आशा कार्यकर्तीने शेतकरी कुटुंबाची विचारपूस करायची होती.

इथं एक खुलासा हवा. मनाची गोष्ट काढली म्हणजे भावाची, सिंचनाची, विम्याची गोष्ट सोडली असं नाही. कर्ज हे मनाचा आजार नाही, आणि समुपदेशनाने कापसाला भाव येत नाही. पण भावासाठी भांडायलाही माणूस उभा असावा लागतो.

गावाने काय करावं

काही गोष्टींना पैसा लागत नाही. पीक बुडालेल्या, अचानक अबोल झालेल्या, दारू वाढलेल्या माणसाच्या घरी दोघांनी जावं आणि सरळ विचारावं. "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. विचारल्यावर ऐकून घ्यावं, मध्येच उपदेश करू नये. मग बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात त्याच्यासोबत जावं. माणूस धोक्यात वाटला तर एकटं सोडू नये.

फवारणीची औषधं घरात, हाताशी ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे असावी. टोकाचा विचार बरेचदा थोड्या वेळापुरताच असतो. तेवढा वेळ टळला की जीव वाचतो. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं.

पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी कायदाही ध्यानात घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे. तेव्हा "केस होईल" या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. तो ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या आणि कृषी केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहावा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं जाण्यात कमीपणा नाही.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो सतरंज्या आणि खुर्च्यांवर संपवण्याऐवजी अंगणवाडीत लेकरांना हाताळता येतील अशा वस्तू, थोडी बाग, पाण्याचा नळ यांवर घालता येईल. पुढच्या ग्रामसभेत रस्ता, नाली, पाणी यांच्या जोडीला हा एक विषय पत्रिकेवर घ्यावा : गावात कोण लेकरू गप्प आहे, कोण माणूस गप्प झाला आहे, आणि त्याच्याकडे उद्या सकाळी कोण जाणार. नावं ग्रामसभेत उच्चारू नयेत, ती आशाताई आणि अंगणवाडी सेविकेकडे असावीत. जाणारी माणसं मात्र त्याच दिवशी ठरवून उठावं.